खाटेवरून गाडी दिसली पाहिजे

योगिनी या घरात सून म्हणून आली तेव्हा तिचा साधा समज होता की ड्रायव्हरला भूक लागते आणि समोर येईल त्या ढाब्यावर तो थांबतो. बीएस्सी केमिस्ट्री झालेल्या मुलीला याहून जास्त विचार करायचं कारणही नव्हतं. तिचे सासरे इंद्रभान यांनी पहिल्याच उन्हाळ्यात, वांगी चिरता चिरता, तिचा तो समज काढून टाकला.

"भूक तं त्याईले भुसावळलेच लागते," ते म्हणाले होते. "तरी इथलोक कळ काढत येते. काऊन येते, ते समजून घे."

मग त्यांनी सांगितलं ते तिने ऐकलं आणि सोडून दिलं. गाडी रस्त्यावरून सरळ आत यावी आणि सरळ बाहेर पडावी, मागे घ्यायची वेळ येऊ नये. हौदावरच्या नळाला जाड धार हवी, कारण सुरतेहून निघालेला माणूस आधी अंगावर पाणी घेतो, मग जेवतो. आवारात आधीच दोन-चार गाड्या उभ्या असाव्यात. गाडी पाहून गाडी थांबते. रिकाम्या ढाब्याच्या वरणाचाही ड्रायव्हरला संशय येतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, खाटेवर पडल्या पडल्या त्याला आपली गाडी दिसली पाहिजे. डिझेलची टाकी, बॅटऱ्यांची पेटी, ताडपत्रीचा दोर, सगळं नजरेखाली. "ड्रायव्हर ताटाकडं पाहून जेवत नाही," इंद्रभान म्हणाले होते, "गाडीकडं पाहून जेवते."

मलकापूर सोडून नांदुऱ्याकडे निघालं की हायवेच्या डाव्या हाताला तीन निंब लागतात. त्यांच्याखाली दहा-बारा खाटा, मागे स्वयंपाकाची टिनाची शेड आणि शेडला लागूनच घर. बोर्ड कधी लावलाच नव्हता. रायपूरपर्यंतचे ड्रायव्हर त्याला 'तीन निंब' म्हणत आणि एवढ्या पत्त्यावर बरोबर येत. योगिनीचा नवरा अविनाश मलकापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. ढाबा सांभाळायचे ते इंद्रभान आणि सासूबाई सुभद्राबाई. योगिनी पोळ्यांना हात लावायची, फोनवरचे पैसे बघायची आणि उरलेला सगळा दिवस अडीच वर्षांच्या पिऊमागे धावायची.

पिऊ हा तिचा जीव होता आणि तिच्या जिवाला घोरही. घराच्या उंबऱ्यापासून ट्रकच्या चाकापर्यंत पंचवीस पावलं होती. तिने ती मोजली होती. त्या पंचवीस पावलांत काय काय होऊ शकतं याची यादी तिच्या डोक्यात रोज वाढत असे. भाजी फोडणीला टाकतानाही तिचा एक कान बाहेर असे. सुभद्राबाई म्हणायच्या, "अवं, मीबी चार लेकरं याच आवारात वाढवली. जीव असा मुठीत धरून हात दुखत नाहीत का तुये?" योगिनी हसून घ्यायची आणि मुठी तशाच ठेवायची.

दिवाळीनंतर तिच्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुठलं गाव, कधीचा, काही कळत नव्हतं. नुसता एक ट्रक, एक गर्दी आणि मागे कोणीतरी सांगतंय की ही पोरं पळवणारी टोळी आहे. तो खोटा असणार हे तिला कळत होतं. तरी तिने तो तीनदा पाहिला.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. ती कणीक मळत होती आणि आवारात ट्रकचा हॉर्न वाजला. थांबला, पुन्हा वाजला, मग कोणी खेळत असल्यासारखा तुटक तुटक वाजत राहिला. ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. शेषरावांच्या ट्रकच्या केबिनमध्ये, स्टेअरिंगच्या मागे, पिऊ बसलेली होती. शेषरावांनी तिला मांडीवर धरलं होतं आणि तिचा हात हॉर्नवर ठेवून ते हसत होते.

शेषराव वाशिमकडचे. पन्नाशी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. सुरतेहून कापडाच्या गाठी घेऊन रायपूरला जायचे आणि दर दहा-बारा दिवसांनी, अविनाश शाळेत होता तेव्हापासून, याच निंबाखाली जेवायचे. हे सगळं योगिनीला माहीत होतं. पण त्या क्षणी तिला फक्त केबिनचं बंद दार दिसलं आणि चालू इंजिनाची थरथर ऐकू आली.

पुढे जाऊन तिने दोन्ही हात वर केले, शेषरावांनी पिऊला अलगद खाली दिलं. "मोठी झाल्यावर गाडी चालवीन म्हणते," ते कौतुकाने म्हणाले. योगिनीने ओठ ताणून हसल्यासारखं केलं. घरात येऊन तिने पिऊचे हात-पाय साबणाने धुतले. का धुतले, हे तिलाही सांगता आलं नसतं.

त्या माणसाला सरळ सांगायचं, की काका, मला भीती वाटते, तिला गाडीत बसवू नका. एवढंच होतं. पण शिकलेल्या माणसाला सरळ बोलण्याऐवजी कारण शोधायची सवय असते. तिने कारण शोधलं. दोन दिवसांनी मलकापूरला पिऊला लस द्यायला गेली होती, तिथून आल्यावर ती सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, डॉक्टर म्हणाले पिऊला धुळीची ॲलर्जी आहे. त्यानेच खोकला होतो. गाड्यांचं आवार आणि घर यांच्यामधे आडोसा करा म्हणाले."

डॉक्टर काहीही म्हणाले नव्हते.

इंद्रभाननी पिऊकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "खोकलते का ती?"

"रात्री. झोपेत."

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नर्सरीवाल्याकडून हिरवी जाळी आणली, बांबू रोवले आणि खाटा आणि गाड्यांचं आवार यांच्या मधोमध ती बांधली. बांधली छातीइतक्या उंचीवर. योगिनी बघत उभी होती. धूळ वरूनही येईल, ती म्हणाली, अजून वर घ्या ना. इंद्रभान एकदा जाळीकडे आणि एकदा खाटांकडे पाहून काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी पान थुंकलं, नवे बांबू आणले आणि जाळी डोक्याच्याही वर नेऊन बांधली. आता खाटेवरून फक्त हिरवा पडदा दिसत होता आणि पडद्यापलीकडे ट्रकचे नुसते आकार.

योगिनीला त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोप लागली.

पुढच्या खेपेला शेषराव आले, जाळीपाशी थबकले आणि इंद्रभानला त्यांनी विचारलं. पोरीला धुळीचा त्रास आहे, इंद्रभाननी सांगितलं. शेषरावांनी मान हलवली आणि जेवायला बसले. त्याच्या पुढच्या खेपेला ते खिशातून एक चपटी बाटली काढून शेडच्या दाराशी उभे राहिले. दारूची क्वार्टर होती, वरचं लेबल खरवडून काढलेलं.

"देवरीच्या जंगलातला मध हाय, सूनबाई," ते म्हणाले. "बाटलीवर जाऊ नका, चांगली उकळून घेतली. खोकल्याले बेस. निजताना बोटभर चाटवा."

योगिनीने बाटली घेतली. ते आवारात गेल्यावर तिने ती मोरीत रिकामी केली. मध घट्ट होता, लवकर जाईना. वरून गरम पाणी ओतावं लागलं. आणि पुढच्या वेळी शेषरावांनी विचारलं तेव्हा, तोंडावरची रेषही न हलवता, ती म्हणाली की हो काका, बराच फरक पडला.

मग त्यांनी दुसरी बाटली आणली. मग तिसरी. दुसरी मोरीत गेली. तिसरीला तिचा हात धजेना. ती तिने फडताळात मिठाच्या बरणीमागे ढकलून ठेवली.

तोवर ढाब्यावरच्या गाड्या कमी होऊ लागल्या होत्या. आधी दुपारी आठ-दहा उभ्या असत, त्या पाचावर आल्या, मग तीनावर. एखादा ट्रक वळून आत यायचा, ड्रायव्हर उतरून खाटांपर्यंत जायचा, मागे वळून बघायचा आणि नुसता चहा उभ्याने पिऊन निघून जायचा. संक्रांतीनंतर इंद्रभाननी शेजारच्या गावातून एकाचा बंद पडलेला टेम्पो ओढून आणला आणि आवारात दर्शनी भागात उभा केला. गाडी पाहून गाडी थांबते म्हणून. योगिनी ते बघत होती आणि तिला ते जुन्या माणसाचं खूळ वाटत होतं.

तिचे स्वतःचे तर्क वेगळे होते. मेहकरवरून समृद्धी महामार्ग गेला, त्यामुळे रहदारी फुटली. पुढे नवीन हॉटेल झालंय, त्याचे दिवे रंगीबेरंगी. तिने कंबर कसली. मोबाइलच्या नकाशावर ढाब्याचं नाव टाकलं, त्यासाठी आधी नाव ठरवलं: हॉटेल प्रेरणा, कारण पिऊचं पाळण्यातलं नाव प्रेरणा. बोर्ड रंगवून घेतला. वर लिहिलं, 'फॅमिली रेस्टॉरंट'. शेवभाजीच्या जोडीला पनीरचे चार प्रकार चढवले. सुभद्राबाईंनी बोर्ड वाचून घेतला आणि म्हणाल्या, "फ्यामिली म्हणजे बायको-पोरं ना वं? इथं येनारा तं बायको-पोरं घरी सोडूनच येते. त्यानं आता बाहेर बसाव का?" अविनाश हसला. इंद्रभान हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बोर्डाच्या खांबाला त्यांनी स्वतः सिमेंट भरलं.

जे जुने ड्रायव्हर अजून येत होते ते का येत होते हे तिला फार उशिरा कळलं. एकदा दोन अनोळखी ड्रायव्हर खाटांपाशी कुरकुरत उभे होते, इथे गाडी दिसत नाही, चला पुढे म्हणत होते. तेव्हा जेवता जेवता शेषराव त्यांना म्हणाले की लहान लेकरू आहे घरात, दम्यासारखं होतं त्याला, म्हणून जाळी लावली. बसा, एकाने जेवा, एकाने गाडीपाशी उभं राहा, आम्ही जुने सारे असंच करतो. ते दोघे बसले. योगिनी शेडमध्ये पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. पोळी उचलली तर मधोमध फाटली.

पण शेषराव तसं करत नव्हते. ते एकटेच असायचे. त्यांच्या गाडीपाशी उभं राहायला कोणी नव्हतं.

चैत्रातल्या एका दुपारी ते जेवून उठले, हात धुतले, जाळीला वळसा घालून गाडीकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मग इंद्रभानला हाक ऐकू आली. योगिनी पिऊला कडेवर घेऊन मागोमाग गेली. बॅटऱ्यांच्या पेटीचं झाकण एका बिजागरीवर लोंबत होतं, कुलूप खाली पडलं होतं, वायरी कापलेल्या होत्या. दोन्ही बॅटऱ्या गायब. मघाशी एक पिकअप येऊन गेली होती, ती सगळ्यांनी ऐकली होती. पाणी प्यायला कोणी थांबलं असेल असं प्रत्येकाला वाटलं होतं. गाडी पलीकडे, माणसं अलीकडे आणि मधे हिरवा पडदा.

शेषरावांनी सुरतेला मालकाला फोन लावला. पलीकडचं बोलणं ऐकू आलं नाही, पण त्यांनी फोन कानापासून वीतभर दूर धरला होता. मधूनमधून ते फक्त "हाव शेठ" म्हणत होते. परवा सकाळी माल रायपूरला उतरायचा होता. मलकापूरचा बॅटरीवाला दिवस कलताना येईन म्हणाला. तोवर गाडी हलणार नव्हती.

"चूक माही हाय," इंद्रभान म्हणाले. ते मान वर करत नव्हते. "जाळी म्या लावली."

शेषरावांनी फोन खिशात घातला. ते थकलेले दिसत होते, पण चिडलेले नव्हते. चिडले असते तर योगिनीला बरं वाटलं असतं. तिच्या कडेवरच्या पिऊकडे पाहून ते म्हणाले, "लेकराच्या जिवापेक्षा बॅटऱ्या मोठ्या हायेत का, भाऊ? सोडा."

योगिनी घरात आली, पिऊला तिने खाली सोडलं. फडताळाशी उगीच उभी राहिली. मिठाची बरणी सरकवली, तिच्यामागे ती चपटी बाटली होती, तशीच भरलेली. बाहेर निंबाखाली शेषराव खाटेवर बसले होते आणि त्यांची पाठ जाळीकडे होती. आता बघायला उरलं तरी काय होतं.

मग तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. या घरात उन्हाळ्यात सगळे एका ओळीत अंगणात झोपतात. हिवाळ्यात मधल्या खोलीत, तेही एका ओळीत. पिऊने कूस बदलली तरी सुभद्राबाई जाग्या होतात. ती रात्री झोपेत खोकते की नाही, हे या घरात कोणाला माहीत नसणार? "खोकलते का ती," मामाजींनी विचारलं होतं. एकदाच विचारलं होतं. त्यानंतर बांबू रोवले होते.

विळा घेऊन ती बाहेर आली आणि तिने जाळीचे दोर कापायला सुरुवात केली. तीन दोर कापल्यावर एका अंगाने जाळी खाली कलली.

"काऊन काढता, सूनबाई?" शेषराव उठून आले. "झालं ते झालं. उद्यापासून धूळ खाईन ना ते लेकरू." पिऊ त्यांच्या धोतराला धरून मागे आली होती. त्यांचा हात तिच्या डोक्यावर होता.

"तिला खोकला नाही, काका."

"बरं झालं. मधानं वाटते गुण आला."

"नाही. नव्हताच कधी. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं." तिचा आवाज तिला दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. "जाळी तुमच्यासाठी लावली होती."

"माह्यासाठी?" शेषराव गोंधळले. मग त्यांचा चेहरा किंचित उजळला. "उनाच्या झळेची?"

याहून मोठी शिक्षा कोणी तिला दिली नसती. या माणसाला वाटलं की त्याला सावली मिळावी म्हणून तिने ती बांधून घेतली. क्षणभर तिला वाटलंही, हो म्हणावं. आणखी एक खोटं, आणि सगळं सुटलं. शेडच्या दारात इंद्रभान चहाचं पातेलं घेऊन उभे होते. ते तिच्याकडे पाहत नव्हते, पातेल्यात पाहत होते.

"नाही काका," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही पिऊला गाडीत बसवलं होतं. मला भीती वाटली. तुमची. ती तुमच्या गाडीपर्यंत जाऊ नये म्हणून लावली."

शेषरावांना ते समजायला जरा वेळ लागला. समजलं तसा त्यांनी पिऊच्या डोक्यावरचा हात काढून घेतला. झटक्याने नाही, हळूच, तापलेल्या तव्याजवळून काढावा तसा. तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो पाठीमागे घेतला.

रस्त्यावरून दोन ट्रक गेले. त्यांची धूळ उडून सगळ्यांवर बसली. पिऊ खोकली नाही.

"तोंडानं सांगतलं असतं तं म्या दूरच्या खाटेवर बसलो असतो, बाई," शेषराव म्हणाले. "जाळी कायले पायजे होती?"

ते सूनबाई म्हणायचे, आता बाई म्हणाले, एवढंच तिच्या ध्यानात राहिलं.

ते जाऊन आपल्या गाडीच्या सावलीत, चाकाला टेकून बसले. इंद्रभाननी पातेलं खाली ठेवलं, येऊन जाळीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती उतरवली, चादरीसारखी घडी केली. घडी घालताना टोकाला टोक जुळवायला दोघं जवळ आले तेव्हा तिने खालच्या मानेने विचारलं, "मामाजी, तुम्हाला माहीत होतं?"

"काय माहीत असाचं त्यात?" ते म्हणाले. "नव्या मायचा जीव घाबरा असते. वाटलं, चार महिन्यानं आपोआप काढशीन." आणि घडी काखेत मारून ते पुढे म्हणाले, "त्याले चहा नेऊन दे. तूच दे."

तिने चहा नेऊन दिला. शेषरावांनी घेतला, प्यायला, कप उलटा करून ठेवला. मधाचं तिने सांगितलं नाही. तेवढं सांगण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि ते आजतागायत आलेलं नाही. ऊन उतरल्यावर बॅटरीवाला आला. गाडी चालू झाली आणि नांदुऱ्याच्या अंगाने निघून गेली.

आता हे माणूस परत कशाला येतंय, असं तिने दहा दिवस स्वतःला सांगितलं. अकराव्या दिवशी तो ट्रक वळून सरळ आत आला. शेषराव उतरले, हौदावर हात-पाय धुतले आणि सगळ्यात टोकाच्या, घरापासून लांबच्या खाटेवर बसले, घराकडे पाठ करून. शेवभाजी आणि तीन भाकरी मागवल्या. दुरून त्यांची गाडी मुंडीपासून शेपटीपर्यंत दिसत होती.

'फॅमिली'चा बोर्ड इंद्रभाननी अजून काढलेला नाही. सिमेंट पक्कं बसलंय, म्हणतात. पण टेम्पो परत गेला. दुपारी पुन्हा सहा-सात गाड्या लागतात. ढाबा सावरला, असं अविनाश म्हणतो आणि ते खरं आहे.

फक्त एक गोष्ट होते. पिऊला शेषराव लांबून ओळखू येतात. ते बसले की ती गुळाचा खडा मुठीत धरून त्यांच्याकडे धावत सुटते, ती पंचवीस पावलं, आणि खडा त्यांच्यापुढे धरते. शेषराव तो लगेच घेत नाहीत. ते आधी मान वळवून शेडच्या दाराकडे पाहतात, योगिनी तिथे आहे का. तिने मान हलवली की मगच हात पुढे करतात.

आता ती ट्रक वळताना दिसला की हातातलं काम टाकून दारात येते आणि त्यांनी पाहायच्या आधीच मान हलवत राहते. तरी ते पाहतात. दर खेपेला, खडा घेण्याआधी, एकदा पाहतात.